मांजराला गाडीचा धक्का लागला आणि परभणी लांब आहे, तोवर घरी काय करायचं

प्रश्न थोडक्यात असा. जिंतूर तालुक्यातल्या एका गावातल्या ताईंची तीन वर्षांची मनी. काल संध्याकाळी तिला मोटारसायकलचा धक्का लागला. मागचा उजवा पाय ओढतेय, मांडीवर जखम आहे, कणगीमागे जाऊन बसलीय आणि कुणाला हात लावू देत नाही. गावात श्रेणी-२ चा जनावरांचा दवाखाना आहे, पण तिथले साहेब म्हणाले, मांजराचं मला जमणार नाही, परभणीला न्या. ओढ्याला पाणी आहे, उद्या एसटी येईल का सांगता येत नाही. वडील म्हणतात अर्धी क्रोसिन दुधात घालून द्या. शेजारच्या मावशी म्हणतात किडे पडायच्या आत टर्पेंटाईन लावा.

ताई, आधी या दोन गोष्टींचं सांगतो, कारण धक्क्यातून वाचलेलं मांजर औषधाने गेलेलं मी परभणी-हिंगोली भागातल्या नोकरीत पुष्कळदा पाहिलंय.

क्रोसिन अजिबात नको. क्रोसिन, डोलो, कॅल्पॉल, सगळ्यांत पॅरासिटामॉल असतं. आपलं यकृत ज्या मार्गाने ते निकामी करून बाहेर टाकतं, तो मार्ग मांजरात फार तोकडा आहे. मग त्याचा विषारी अंश रक्तातल्या हिमोग्लोबिनवर जातो आणि रक्ताला प्राणवायू वाहता येत नाही. हिरड्या चॉकलेटी-निळसर पडतात, तोंड आणि पंजे सुजतात, धाप लागते. तीन किलोच्या मांजराला ५०० मिलिग्रॅमची एक गोळी जीव घ्यायला पुरे, अर्धीनेही जाऊ शकतं. वडिलांनी प्रेमापोटी आधीच दिली असेल तर लपवू नका, रागावूही नका, पण मग उद्याची वाट न बघता आत्ताच निघायची सोय बघा. एन-ॲसिटिलसिस्टीन नावाचा उतारा असतो, तो माणसांच्या दवाखान्यातही मिळतो, पण जितक्या लवकर मिळेल तितका उपयोग. कॉम्बिफ्लॅम, ब्रुफेन, डिस्प्रिन, व्होवेरान, निमेसुलाइड हीसुद्धा नकोत.

टर्पेंटाईनचा बोळा बैलाच्या खांद्यावर चालतो, कारण बैल तो चाटून काढत नाही. मांजर अंगावरचं सगळं चाटून साफ करतं, म्हणजे जे लावलं ते पोटात गेलं. शिवाय टर्पेंटाईन कातडीतूनही शोषलं जातं आणि त्याची वाफ फुप्फुसाला लागते. रॉकेल, फिनाईल, डांबरगोळीची पूड, कापूर यांचंही तसंच. डेटॉलसुद्धा नको, त्यातला फिनॉलच्या जातीचा घटक मांजराला सोसत नाही.

आता गावातल्या साहेबांबद्दल. ‘जमणार नाही’ म्हणाले म्हणून त्यांच्यावर चिडू नका. त्यांच्या कपाटात जे आहे ते चारशे किलोच्या जनावराच्या मापाचं आहे. मेलोक्सिकॅम या दुखण्यावरच्या औषधाची जनावरांची गोळी १०० मिलिग्रॅमची येते. तीन किलोच्या मांजराला लागतं अर्ध्या मिलिग्रॅमच्याही आत. आणि जनावरांच्या दुखण्यावरच्या कित्येक इंजेक्शनांत मेलोक्सिकॅमच्या जोडीला पॅरासिटामॉलच असतं, हे बाटलीवर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. एन्रोफ्लॉक्सॅसिन हे गोठ्यातलं नेहमीचं अँटिबायोटिक मांजराला मापापेक्षा जास्त गेलं तर डोळ्याचा पडदा खराब होऊन ते कायमचं आंधळं होतं. म्हणून एखाद्या भल्या माणसाने ‘एक सुई मारून देतो’ म्हटलं तर बाटली हातात घेऊन वाचा, फोटो काढा, आणि मांजरं बघणाऱ्या एखाद्या डॉक्टरला फोनवर दाखवल्याशिवाय टोचू देऊ नका. फोनवरच्या डॉक्टरला वजन विचारावं लागतं. दुकानातल्या काट्यावर टोपलीसकट ठेवून वजन करून घ्या, टोपलीचं वजा करा. आपल्याकडची गावठी मांजरं बहुधा अडीच ते साडेतीन किलोची असतात, पण अंदाजावर औषध ठरवू नये.

मग करायचं काय? पहिल्या रात्री खरं काम तीनच: बंदिस्त जागा, ऊब आणि नजर.

कणगीमागून काढताना मानगूट धरून ओढू नका, पाठीला मार असेल तर ते महागात पडेल. जाड गोधडी दोन हातांत पसरून वरून अलगद टाका, डोकं झाकलं गेलं की मांजर निम्मं शांत होतं. मग गोधडीसकट खालून दोन्ही हात घालून, पाठ सरळ राहील असं उचला. तुमची स्वतःची मनी असली तरी चावणार, हे धरूनच चाला. दुखणारं मांजर माणूस ओळखत नाही असं नाही, पण दुखणं आधी बोलतं.

ठेवायचं कशात, तर टोमॅटोच्या प्लास्टिक कॅरेटमध्ये. याच्यासारखी दुसरी वस्तू नाही. हवा खेळते, धुता येतं, आणि दुसरं कॅरेट उलटं पालथं घालून सुतळीने बांधलं की पिंजरा तयार. खाली पोतं नको, त्याचे धागे नखात अडकतात. जुन्या सुती साडीच्या घड्या घाला, म्हणजे ओली झालेली घडी काढून टाकता येते. ऊब देण्यासाठी गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून एका बाजूला ठेवा. एकाच बाजूला, म्हणजे नकोशी झाली तर मनी सरकू शकेल. पाऊस चालू असताना मार लागलेलं जनावर लवकर गार पडतं, कान आणि पंजे हाताला गार लागले तर ऊब वाढवा. कॅरेटवर चादर टाकून अंधार करा आणि लेकरांना लांब ठेवा.

आता नजर कशावर ठेवायची ते नीट वाचा.

पहिला श्वास. लांबूनच, चादर जराशी उचलून, तिची बरगडी बघा. ३० सेकंद मोजा आणि दुप्पट करा. शांत बसलेल्या मांजराचा श्वास मिनिटाला २० ते ३० असतो, घाबरलेल्याचा ४० पर्यंत जाईल. त्याच्या वर टिकून राहिला, किंवा पोट आणि छाती उलटसुलट हलायला लागली, किंवा तोंड उघडून श्वास घ्यायला लागली, तर छातीत काहीतरी झालंय. कुत्रं तोंड उघडून धापतं ते त्याचं नेहमीचं. मांजर तसं करत असेल तर ते कधीच नेहमीचं नसतं. गाडीच्या धक्क्यात पोट आणि छातीमधला पडदा फाटून आतडी वर सरकतात, बाहेरून एक ओरखडाही दिसत नाही. असं मांजर पायाने लंगडतंय म्हणून सगळे पायाकडे बघत बसतात.

दुसऱ्या हिरड्या. वरचा ओठ बाजूने हलकेच उचला. हिरडी गुलाबी हवी. बोटाने दाबून सोडली की पांढरी होते आणि दोन सेकंदांच्या आत परत गुलाबी व्हायला पाहिजे. पांढुरकी, मातकट किंवा निळसर असेल, किंवा रंग यायला वेळ लागत असेल, तर आत रक्तस्राव होतोय किंवा ती शॉकमध्ये आहे, म्हणजे अंगात रक्त नीट फिरत नाही. काही मांजरांच्या हिरड्या मुळातच काळपट ठिपक्यांच्या असतात, तेव्हा जीभ बघा.

तिसरी लघवी, आणि माझ्या मते घरच्या माणसांकडून सगळ्यात जास्त हीच निसटते. कमरेला मार लागलेल्या किंवा शेपटी ओढली गेलेल्या मांजराला लघवी सोडताच येत नाही, मज्जातंतूंना इजा झालेली असते. ते बिचारं खातं, पितं, बघतं, आणि घरचे म्हणतात सुधारतंय. साडीची घडी बदलताना रोज हाताने चाचपून, वास घेऊन बघा. ओली झाली का, किती, रंग लाल आहे का. अपघातानंतर पहिले काही तास भीतीने होत नाही, ते ठीक. पण २४ तास उलटून गेले आणि घडी कोरडी, तर पाय राहू द्या बाजूला, हीच आता तातडीची गोष्ट. मागच्या पायांच्या पुढे, पोटाखाली तळहात ठेवला तर घट्ट ताणलेला गोळा हाताला लागतो. दाबून लघवी काढायच्या फंदात पडू नका, फुटण्याचा धोका असतो, ते डॉक्टरच्या हाताचं काम. शेपटी लुळी लोंबतेय का हेही याच वेळी बघून घ्या.

पंजांची नखं पण बघा. गाडीखाली घसपटलेल्या मांजराची नखं टोकाला फाटून चिंध्या झालेली असतात. कुत्र्याने धरलं की गाडीने उडवलं याबद्दल घरात वाद असेल तर नखं बहुतेक वेळा निकाल देतात. तोंड वाकडं दिसतंय, लाळ गळतेय, खालचे पुढचे दात वरखाली झालेत, तर जबडा मधोमध दुभंगलाय. डॉक्टर तारेने बांधतात आणि बहुधा छान जुळतो.

पायाला काठी बांधू नका. हे मी मुद्दाम ठासून सांगतोय, कारण गावात पहिली हौस तीच असते. मोडलेल्या हाडाला आधार द्यायचा तर त्याच्या वरचा आणि खालचा, दोन्ही सांधे अडकवावे लागतात. मांडीच्या हाडाचा वरचा सांधा खुबा, तो बांधून अडकवता येत नाही. मग काठीचं वरचं टोक नेमकं मोडल्या जागी येतं आणि प्रत्येक हालचालीला तरफेसारखं हाड उचकटतं. घट्ट पट्टीने पंजा सुजून काळा पडलेलीही मांजरं येतात, तेव्हा मोड बाजूलाच राहते आणि पाय कापावा लागतो. कॅरेटमध्ये बसून राहणं हीच तिची पट्टी. हाड बाहेर दिसत असेल तर आत ढकलू नका, मिठाच्या पाण्यात भिजवून पिळलेलं स्वच्छ फडकं वर ठेवा आणि लगेच निघा.

पायात जाणीव आहे का ते एकदाच बघा. मागच्या पंजाचं बोट चिमटीत दाबा. तिने वळून बघितलं, ओरडली, फिस्कारली, तर जाणीव आहे. नुसता पाय आखडून घेतला आणि चेहऱ्यावर काहीच नाही, तर ती जाणीव नव्हे, कण्याने परस्पर केलेली हालचाल असते. काय दिसलं ते लिहून ठेवा, पुन्हा पुन्हा चिमटे काढत बसू नका.

जखमेकडे आता येऊ. रक्त वाहत असेल तर स्वच्छ फडक्याची घडी ठेवून पाच ते दहा मिनिटं सलग दाबून धरा. दर मिनिटाला उचलून ‘थांबलं का’ बघितलं की धरलेली गुठळी निघते. कापूस थेट जखमेत नको, त्याचे तंतू आत चिकटतात. दोरी बांधून रक्त अडवायचा प्रकार नको.

रक्त थांबलं की धुणं. एक लिटर पाणी उकळून कोमट होऊ द्या, त्यात चहाचे दोन चमचे सपाट मीठ, म्हणजे साधारण नऊ ग्रॅम. सुई काढलेल्या सिरिंजने बारीक धार मारत जखम धुवा, पाणी स्वच्छ निघेपर्यंत. भोवतालचे केस कापताना जखमेच्या कडेला कंगवा आडवा धरा आणि कंगव्याच्या वरून कात्री चालवा. मांजराची कातडी फार पातळ असते, केसांबरोबर ती सहज कापली जाते. नंतर पोव्हिडोन आयोडीन पाण्यात घालून फिक्या चहाच्या रंगाचं करा आणि त्याने पुसा. ब्राऊन बाटलीतलं तसंच्या तसं नको. हायड्रोजन पेरॉक्साइडचा फेस बघायला बरा वाटतो, पण तो चांगलं मांसही जाळतो. हळदीला माझा विरोध नाही, पण हळद-तेलाचा लेप बसला की खाली पू होतोय की जखम भरतेय हे दिसत नाही, आणि मला दिसायला हवं असतं.

पावसाळ्यात हिरव्या-निळ्या माश्या हा आपल्याकडचा मोठा शत्रू. जखमेच्या कडेला, केसांच्या मुळाशी पांढऱ्या बारीक कणांचे पुंजके दिसले तर ती अंडी. एका दिवसाच्या आत त्यांच्या अळ्या होतात आणि जखमेत शिरतात. म्हणून दिवसातून दोनदा उजेडात बघा, आणि कॅरेटवर मच्छरदाणीचा तुकडा टाका. अळ्या पडल्याच तर चिमट्याने एकेक वेचायच्या, मिठाच्या पाण्याची धार मारायची की आतल्या वर येतात, पुन्हा वेचायच्या. कंटाळवाणं काम आहे, पण मांजरात हेच सुरक्षित. गोठ्यातले किड्यांवरचे फवारे, गोचिडाचं औषध, कुत्र्यांची गोचीड पावडर, यातलं काही वापरू नका. डेल्टामेथ्रिन, परमेथ्रिन या गटातल्या औषधांनी मांजराला थरथर सुटून झटके येतात.

चाटू नये म्हणून गळ्यात कॉलर लागेल. जुन्या एक्स-रे फिल्मचा किंवा प्लास्टिकच्या फाईलच्या पुठ्ठ्याचा शंकू करा, गळ्याजवळची कड चिकटपट्टीने मऊ करा, दोन बोटं आत जातील एवढा सैल ठेवा. खाताना काढा.

खाण्यापिण्याची घाई नको. पहिल्या रात्री नुसतं पाणी समोर ठेवा. उद्या परभणीला नेणार असाल तर रात्रीनंतर काही खायला देऊ नका, भूल द्यायची वेळ आली तर पोट रिकामं बरं. जाणं लांबलं तर उकडलेलं चिकन किंवा अंडं, मीठ-मसाला न घालता. कांदा-लसणाचा रस्सा मुळीच नको, त्याने मांजराच्या तांबड्या पेशी फुटतात. सुकट द्यायचीच तर दोन-तीन पाण्यातून धुऊन. दुधाची सवय असेल तर थोडं चालेल, पण औषध म्हणून वाटीभर पाजू नका, ढाळ लागली तर अंगातलं पाणी आणखी जाईल. तीन किलोच्या मांजराला अन्नातलं धरून दिवसाला दीडशे मिलीच्या आसपास पाणी लागतं. सिरिंजने पाजायचं तर ती नीट बसलेली आणि गिळणारी हवी, गालाच्या कोपऱ्यातून एकेक मिली. आडवी पडलेली, गुंगीतली असेल तर नाही, पाणी फुप्फुसात जातं. दोन-तीन दिवस पोटात काहीच गेलं नाही तर मांजराच्या यकृतात चरबी साठायला लागते, तेव्हा ‘बरी होईल तेव्हा खाईल’ असं म्हणून थांबू नका.

तर ओढा उतरायची वाट कधी बघायची आणि कधी ट्रॅक्टरवर बसून का होईना निघायचं? श्वास बिघडला, हिरड्या पांढऱ्या किंवा निळ्या, २४ तास लघवी नाही, दोन्ही मागचे पाय लुळे, हाड बाहेर, शुद्ध हरपतेय, किंवा पॅरासिटामॉल पोटात गेलंय: निघा. नुसता एक पाय ओढतेय, श्वास-हिरड्या-लघवी ठीक, जखम स्वच्छ, तर एक-दोन दिवस थांबल्याने फार बिघडत नाही. कापसावर फवारणी चालू असेल आणि लाळ, थरथर, बारीक झालेल्या बाहुल्या दिसल्या, तर तो धक्का नाही, कीटकनाशकाचा प्रकार आहे, आणि त्यालाही थांबायचं नाही. मिठाचं पाणी पाजून उलटी काढायला जाऊ नका.

परभणीत पशुवैद्यकीय महाविद्यालयाचा दवाखाना आहे. लातूर-नांदेडच्या बाजूच्या वाचकांना उदगीरचं महाविद्यालय जवळ पडेल. निघण्याआधी फोन करा, सुट्टी आहे का आणि एक्स-रे चालू आहे का एवढं विचारा. १९६२ हा फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा क्रमांकही लावून बघा. पथक मुख्यतः गुरांसाठी आहे, पण जवळ कोण मांजर बघतं हे विचारायला काय हरकत आहे. कॅरेट मांडीवर न घेता एसटीत पायाशी ठेवा, खाली पोत्याची घडी, वर चादर. सोबत कागदावर लिहा: धक्का कधी लागला, शेवटची लघवी कधी, काय खाल्लं, काय काय दिलं. डॉक्टरला या कागदाचा तुमच्या रडण्यापेक्षा जास्त उपयोग होतो.

तुम्हाला कुणाला चावली किंवा ओरबाडलं असेल तर ती जागा साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा. चुना, तंबाखू, मिरची काही लावू नका. त्याच दिवशी ग्रामीण रुग्णालयात जाऊन रेबीजच्या लसीचं विचारा आणि दिलेल्या तारखा पाळा. मांजरामुळेही रेबीज होतो. आणि मांजराचा दात बारीक पण खोल जातो, हात दुसऱ्या दिवशीच सुजतो, म्हणून अँटिबायोटिकचंही विचारा. मनीला कुत्र्याने धरलं होतं असं निघालं तर तिच्या लसीचा विषय परभणीच्या डॉक्टरकडे स्वतःहून काढा.

एक्स-रेत कमरेचं हाड मोडलेलं निघालं तर घाबरू नका. लघवी-संडासची वाट मोकळी असेल तर अशी बरीच मांजरं ऑपरेशनशिवाय, चार ते सहा आठवडे कोंडून ठेवल्यावर नीट चालायला लागतात. मांडीचं हाड मात्र बहुधा सळई घालून बसवावं लागतं. या दिवसांत कॅरेट अपुरं पडेल, तेव्हा कोंबड्यांचा मोठा खुराडा धुऊन घ्या, एका कोपऱ्यात पसरट घमेल्यात वाळू. तिसऱ्या आठवड्यात ती चांगली हिंडायला बघेल, दाराशी ओरडून घर डोक्यावर घेईल आणि आजी म्हणेल सोड तिला. सोडू नका. हाड तेव्हा जुळत असतं, आणि माळवदावर एक उडी मारली की सगळं पहिल्यापासून. दुसरा एक्स-रे झाल्यावर आधी एका खोलीत, बाज-कपाटं बाजूला करून, मग ओसरीवर.